ट्रिप्टोफॅनच्या कॅप्सूलने मन प्रसन्न होतं का?

प्रश्न : ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून (प्रथिनांच्या एका घटकापासून) शरीरात सेरोटोनिन हे मनःस्थितीशी जोडलेलं रसायन बनतं असं वाचलं. मी नैराश्यावर एसएसआरआय गटातली (मेंदूतल्या सेरोटोनिनचा परिणाम वाढवणारी) गोळी घेते. सोबत ट्रिप्टोफॅनची कॅप्सूल सुरू करू का?

उत्तर : परस्पर तर मुळीच नको. दोन्ही मिळून सेरोटोनिन प्रमाणाबाहेर गेलं, तर थरथर, घाम, ताप, गोंधळ उडणं असं सगळं होऊ शकतं. आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला.

आता मूळ हिशेब. जीवरसायनशास्त्राच्या वर्गात मी ट्रिप्टोफॅनपासून दोन बाण काढते, एक ठसठशीत, एक केसाएवढा. विद्यार्थी ठसठशीत बाण हमखास सेरोटोनिनला देऊन मोकळे होतात! प्रत्यक्षात प्रथिनं बांधून उरलेलं ९० टक्क्यांहून अधिक ट्रिप्टोफॅन कायन्युरेनिन नावाच्या दुसऱ्याच पदार्थाच्या वाटेने मोडतं, मुख्यतः यकृतात. त्यातूनच थोडं नायसिनही (ब३ जीवनसत्त्व) मिळतं, साधारण ६० मिलिग्रॅममागे १ मिलिग्रॅम. सेरोटोनिनच्या वाट्याला जेमतेम एक-दोन टक्के. तेही बहुतेक आतड्यात बनतं आणि तिथलं मेंदूत शिरत नाही.

संसर्गात इंटरफेरॉन-गॅमा या प्रतिकारयंत्रणेच्या संदेशक प्रथिनामुळे आयडीओ हे ट्रिप्टोफॅन मोडणारं विकर जोर धरतं आणि कायन्युरेनिन आणखी वाढतं. कार्सिनॉइड गाठीत (संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींच्या गाठीत) मात्र पारडं फिरतं. गाठ ट्रिप्टोफॅन ओरबाडून सेरोटोनिन बनवत सुटते, नायसिनला काही उरत नाही. मग पेलाग्रा हा नायसिनच्या कमतरतेचा आजार होऊ शकतो : ऊन लागतं तिथली कातडी काळवंडून खरखरीत होते. सेरोटोनिन भरमसाट, पण रुग्ण खूश वगैरे नसतो, जुलाबांनी बेजार असतो. निदानासाठी चोवीस तासांच्या लघवीत ५-एचआयएए, म्हणजे सेरोटोनिन मोडून बनणारा पदार्थ, मोजतात.