एदेनच्या बागेला पाणी कोण पाजतंय?

प्रश्न : आमच्या शेजारी ख्रिश्चन कुटुंब आहे, नाताळाला त्यांच्याकडं फराळाला गेलो होतो. भिंतीवर एदेन बागेचं (बायबलमधली आदाम-हव्वेची बाग) कॅलेंडर, मोर, गुलाब, लॉन, मधोमध सफरचंदाचं झाड. आमचे अण्णा (वय 78, जन्मभर शिरोळकडं ऊस केला) चित्र बघून म्हणाले, "एवढ्या बागेला पाणी कोण पाजतंय?" सगळे हसले, पण मला खरंच प्रश्न पडला, ज्यूंच्या जुन्या ग्रंथात बाग म्हणजे नक्की काय? नुसती सुंदर जागा की अजून काही अर्थ आहे?
– एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : ताई, अण्णांना हसू नका, त्यांनी बरोबर नस पकडलीय. 'उत्पत्ती'चा (ज्यूंच्या ग्रंथाचं आणि बायबलचंही पहिलं पुस्तक) दुसरा अध्याय काढून बघा, बागेच्या गोष्टीची सुरुवातच अशी की शेतात अजून काही उगवलं नव्हतं, कारण पाऊस पडला नव्हता आणि जमीन कसायला माणूस नव्हता. म्हणजे पाणी आणि मजूर, दोन्हीची बोंब! मग देव माणूस घडवतो, बाग लावतो, आणि एदेनमधनं एक नदी निघते ती बागेला पाणी देऊन पुढं चार फाट्यांत जाते, त्यातल्या दोन म्हणजे आपल्याला भूगोलात होत्या त्या टायग्रिस आणि युफ्रेटिस. सफरचंदाचं म्हणाल तर मूळ मजकुरात फळाचं नावच नाही, पानं तेवढी अंजिराची आहेत, ती पण कपडे म्हणून.

आता शब्द बघू. हिब्रूत बागेला 'गन' म्हणतात, त्याचा धातू राखण्याचा, आडोसा करण्याचा, ढालीला 'मागेन' म्हणतात ते पण त्यातनंच आलंय. त्यामुळं आधी कुंपण आणि मग फुलं, असा हिशोब. आदामाला बागेत ठेवलं ते आराम करायला नाही, मशागत कर आणि राखण कर म्हणून ठेवलं. हीच दोन क्रियापदं पुढं 'गणना' या पुस्तकात लेवी लोकांच्या (देवसेवेला नेमलेलं कूळ) निवासमंडपातल्या, म्हणजे देवाच्या तंबूतल्या सेवेसाठी येतात, म्हणून बरेच अभ्यासक एदेनला पहिलं देवस्थानच मानतात. आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट ही, की मनाई केलेलं फळ खाल्लं म्हणून माणसाला बाहेर काढल्यावर देव पूर्वेला करूब (पंखवाले देवदूत) आणि फिरती अग्नितलवार उभी करतो, तिथं पण 'राखणे' हाच शब्द आहे. राखणदारच बदलला, म्हणजे नोकरी गेली आणि त्याच नोकरीवर दुसरा आला!

दुसरा शब्द 'पर्देस'. हा इराणकडनं आलेला, 'परि' म्हणजे आपल्या परिघातला, परिसरातला 'परि', आणि पुढं भिंत, थोडक्यात चारी बाजूनं भिंत घातलेली जागा. ग्रीकमधनं फिरून इंग्रजीतला पॅराडाइज झाला तो हाच, पण हिब्रू बायबलमधे तीनदाच येतो, आणि तिन्ही ठिकाणी स्वर्ग बिर्ग काही नाही, साधी फळबाग नाहीतर राजाचं रान. 'गीतरत्न' या प्रेमगीतांच्या पुस्तकात तर प्रेयसीलाच कुलूप लावलेली बाग म्हटलंय, आणि त्या बागेत डाळिंब, मेंदी, केशर, आणि नर्द म्हणजे आपली हिमालयातली जटामांसी! कुठनं कुठं माल जात होता बघा.

आता अण्णांसाठी खास. 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या 11व्या अध्यायात इजिप्तमधनं निघालेल्या इस्राएली लोकांना सांगितलंय की तुम्ही जाताय तो देश इजिप्तसारखा नाही, तिथं तुम्ही बी पेरून भाजीच्या मळ्यासारखं पायानं पाणी द्यायचात, इथं जमीन आभाळातलं पाणी पिते. पायानं पाणी म्हणजे काय यावर पंडितांनी बरंच लिहिलंय, पण रात्रीच्या लाइटला ज्यानं दारं धरलंय त्याला विचारा, खोरं बाजूला टाकून टाचेनं चिखल लोटायचा, एक सरी बंद आणि दुसरी सुरू. मला तरी तेच डोळ्यासमोर येतं. थोडक्यात इजिप्त बागायत आणि तो देश जिरायत, आणि जिरायतवाल्याला रोज आभाळाकडं बघावं लागतं, ग्रंथाला नेमकं हेच पाहिजे.

तो 'भाजीचा मळा' शब्द परत येतो इस्राएलच्या अहाब राजाच्या गोष्टीत. राजवाड्याला लागून नाबोथाचा द्राक्षमळा, राजाला तिथं भाजी लावायची होती, पैसे देतो नाहीतर बदल्यात चांगला मळा देतो म्हणाला. नाबोथ म्हणाला, वाडवडिलांची जमीन आहे, देणार नाही. राजा रुसून, तोंड फिरवून, न जेवता झोपला (हो, राजा!), मग राणीनं खोटे साक्षीदार उभे करून नाबोथाला दगडांनी मारवलं. आपल्याकडं बांधावरनं काय काय होतं ते बघितलेल्याला ही गोष्ट समजावून सांगायला नको. वाडवडिलांचा द्राक्षमळा मोडून इजिप्तसारखा भाजीचा मळा करायचा, यात लिहिणाऱ्याचा टोमणा आहे असं मला वाटतं.

संदेष्टे, म्हणजे देवाचा निरोप सांगणारे, ते तर बागेवरच बोलतात. त्यातला यिर्मया बाबेलमधे (बॅबिलॉन) धरून नेलेल्या आपल्या लोकांना पत्र लिहितो, घरं बांधा, बागा लावा, त्यांची फळं खा, म्हणजे लवकर परत यायचं नाही, आणि त्याच पत्रात पुढं सत्तर वर्षं असा आकडाही देतो. आणि दुसरा संदेष्टा यशया, त्याच्या पुस्तकाच्या 58व्या अध्यायात, उपाशी माणसाला जेवू घातलंस तर तू पाणी पाजलेल्या बागेसारखा होशील म्हणतो, अशा झऱ्यासारखा ज्याचं पाणी आटत नाही. आटत नाही हे भाषांतर झालं, मूळ हिब्रूत शब्द आहे, ज्याचं पाणी खोटं बोलत नाही. एप्रिलमधे बोअरनं दगा दिलेला कुणी घरात असेल तर त्याला ही ओळ वाचून दाखवा, अण्णांना तर नक्कीच.