वाचकांचे प्रश्न : अ‍ॅल्युमिनिअमची बोट आणि वाट चुकलेला करंट

प्रश्न : ब्रिस्बेनच्या मरीनात आमची ६ मीटर लांबीची, ५०८३ प्रतीच्या अ‍ॅल्युमिनिअमची मासेमारीची बोट कायम पाण्यात असते. मागे आउटबोर्ड इंजिन आहे आणि बॅटरीच्या चार्जरसाठी धक्क्यावरची वीज जोडलेली असते. नवे अ‍ॅनोड (बोटीऐवजी स्वतः झिजणारे धातूचे ठोकळे) दोन महिन्यांत संपले. मागच्या बाजूला पांढरा लगदा आणि बारीक खड्डे दिसतात. जिवंत आमिषाच्या टाकीचा पंप नुकताच बसवला आहे. आणखी दोन अ‍ॅनोड लावावेत का?

उत्तर : आत्ता लावू नका. अ‍ॅनोड दोन वेगवेगळ्या धातूंमधली झीज स्वतःवर घेतो. बॅटरीतून गळणारा करंट त्याला थोपवता येत नाही. शिवाय अ‍ॅल्युमिनिअमला जास्तीचं संरक्षणही बाधतं. संरक्षण अति झालं की पत्र्यालगतचं पाणी अल्कधर्मी होतं, आणि अ‍ॅल्युमिनिअम आम्लात जसं विरघळतं तसंच अल्कलीतही विरघळतं. खाऱ्या पाण्यात मॅग्नेशिअमचे अ‍ॅनोड लावले की रंगाला फोड येतात, ते यामुळेच.

गळतीकडे दुर्लक्ष का करू नये, ते आकड्यांत पाहा. १ अँपिअर करंट दिवसभर पत्र्यातून पाण्यात उतरत राहिला तर सुमारे ८ ग्रॅम अ‍ॅल्युमिनिअम विरघळतं. हा सगळा मारा ३ मिलिमीटर पत्र्यावर एकाच जागी बसला तर चोवीस तासांत १० चौरस सेंटिमीटरचं भोक! प्रत्यक्षात तो थोडा पसरतो, पण रंग जिथे खरवडलेला असतो तिथेच एकवटतो.

तुमच्याकडे संशयित दोन आहेत : धक्क्यावरची अर्थिंगची तार आणि नवा पंप. आधी सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडचा रेफरन्स इलेक्ट्रोड, म्हणजे ज्याच्या तुलनेत पत्र्याचा व्होल्टेज मोजायचा ती कांडी, आणा. तो बोटीजवळ पाण्यात सोडून मल्टीमीटरच्या 'कॉम' टोकाला जोडा, दुसरं टोक खरवडलेल्या उघड्या पत्र्याला लावा आणि मीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवा. उणे ९५० ते उणे ११०० हे आकडे निरोगी आहेत. उणे १२०० च्या पलीकडे अतिसंरक्षण. धक्क्याची वीज काढलेली असताना उणे १००० आणि प्लग लावताच उणे ८२० दिसलं, तर दोष अर्थिंगच्या वाटेत. त्या तारेमुळे तुमची बोट शेजारच्या बोटीच्या ब्राँझच्या पंख्याशी (प्रोपेलरशी) जोडली जाते आणि तुमचे अ‍ॅनोड त्याचीही राखण करू लागतात. यावर इलाज म्हणजे गॅल्व्हॅनिक आयसोलेटर, साधारण १.२ व्होल्टपर्यंतचा डीसी तो अडवतो. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर त्याहून उत्तम, पण महाग आणि जड. अर्थिंगची तार मात्र कधीही तोडू नका. बोटीवर एसीचा दोष निर्माण झाला तर त्या तारेवाचून आजूबाजूला पोहणाऱ्याचा जीव जातो.

आता प्लग काढूनच ठेवा आणि एकेक स्विच चालू करत जा. ज्या स्विचला आकडा शून्याकडे सरकतो, तो सर्किट दोषी.

त्यानंतर गळती मोजा. सगळे स्विच, बिल्ज पंपाचा (तळातलं पाणी उपसणाऱ्या पंपाचा) सुद्धा, बंद. मुख्य बॅटरी स्विच चालू. बॅटरीची पॉझिटिव्ह केबल काढा. ती केबल आणि निगेटिव्ह केबल यांच्यामधला रोध ओममध्ये पाहा. १०,००० ओमच्या वर असेल तर चिंता नको. १२ व्होल्टच्या बॅटरीवर १,००० ओम म्हणजे १२ मिलिअँपिअर. १०० ओम म्हणजे १२० मिलिअँपिअर, तेवढ्यानेही रोज जवळपास १ ग्रॅम धातू जाऊ शकतो. रेडिओची मेमरी किंवा थेट बॅटरीवर बसवलेलं उपकरण आकडा खाली ओढतं, त्यांचे फ्यूज आधी काढा. मग बाकीचे एकेक करून काढा. आकडा जिथे उसळतो तिथली वायर तपासा.

पंपांबाबत नेहमीची चूक म्हणजे निगेटिव्ह वायर जवळच्याच पत्र्याला स्क्रूने जोडणं. मग परतीचा करंट पत्र्यातून इंजिनाकडे जातो, आणि इंजिन-पत्र्याच्या सांध्यात ऑक्साइड साचला की त्यातला काही भाग पाण्यातून इंजिनाचा पाय (पाण्यात बुडालेला खालचा भाग) गाठतो. धातू जातो तो करंट पत्रा सोडून पाण्यात उतरतो तिथला. म्हणून प्रत्येक उपकरणाला दोन वायरी हव्यात, आणि निगेटिव्ह वायर वेगळ्या बसबारवर (सगळ्या वायरी एकत्र जोडायच्या धातूच्या पट्टीवर) यायला हवी. बॅटरीची निगेटिव्ह बाजू बोटीच्या धातूशी जोडायची ती फक्त इंजिनापाशी, एकाच जागी. वायर टिन चढवलेल्या तांब्याची, सांधे आतून डिंक असलेल्या हीट-श्रिंकचे (तापवल्यावर आवळणाऱ्या नळीचे) आणि तळातल्या पाण्याच्या पातळीच्या वर. हे सगळं झाल्यावरच नवे अ‍ॅनोड बसवा, अर्धे झिजताच बदला.

प्रश्न : मालवणला आमची फायबरची होडी आहे. आउटबोर्डच्या पायाचा रंग सुटून पांढरी भुकटी येते. झिंक (जस्ताचा अ‍ॅनोड) लवकर संपू नये म्हणून त्यावर रंग मारला तर चालेल का?

उत्तर : मुळीच नाही. रंगवलेलं झिंक हे नसल्यासारखंच. मग इंजिनाचा पाय झिजतो, कारण तोही अ‍ॅल्युमिनिअमचाच. जुना रंग खरवडा, बोल्टखालची जागा चकचकीत घासा. पावसाळ्यात खाडीचं पाणी गोडं होतं, तेव्हा झिंकवर कवच धरतं आणि ते काम करेनासं होतं. निमखाऱ्या पाण्यासाठी अ‍ॅल्युमिनिअमचे अ‍ॅनोड घ्या. नांगरल्यावर इंजिन पूर्ण वर उचला. अर्धवट उचललं तर पाय पाण्यात राहतो आणि झिंक बाहेर. पायावर तांब्याचा अँटिफाउलिंग रंग (शेवाळ-शिंपले चिकटू न देणारा) कधीच नको.

प्रश्न : अ‍ॅल्युमिनिअमच्या बोटीत नवीन प्लायवूडची जमीन करायची आहे. कोणती काळजी घ्यावी?

उत्तर : कीड लागू नये म्हणून तांब्याच्या क्षारांत भिजवलेलं प्लायवूड वापरू नका. ओलं झालं की त्यातलं तांबं पत्र्यावर उतरतं आणि त्याखाली खड्डे पडतात. साधं मरीन प्लाय सर्व बाजूंनी इपॉक्सीत बुडवून घ्या. स्टीलच्या स्क्रूंना नायलॉनचे वॉशर आणि बुशिंग द्या. खुणा करायला शिसपेन्सिल नको, तिच्यातलं ग्रॅफाइट अ‍ॅल्युमिनिअमला खातं. आणि जमीन बसवण्याआधी तळात पडलेली शिशाची वजनं, वायरीचे तुकडे, नाणी वेचून काढा. नंतर तिथे हात पोहोचणार नाही.