जिल्हा बदलला तरी तालुक्यांचा ड्रॉपडाउन बदलत नाही (जेएसपी)

जिल्हा निवडला की खाली त्याच जिल्ह्याचे तालुके यायला हवेत आणि त्यासाठी तुम्ही जावास्क्रिप्टमधली व्हॅल्यू स्क्रिप्टलेटमध्ये (जेएसपी पानात लिहिलेल्या जावा कोडमध्ये) घ्यायला बघताय, ते होणारच नाही. जेएसपी (जावा सर्व्हर पेजेस) सर्व्हरवर चालते, एचटीएमएल बनवून ब्राउझरला देते आणि मोकळी होते. युजर जिल्हा निवडतो तोवर स्क्रिप्टलेट केव्हाच चालून गेलेलं असतं, म्हणजे सर्व्हरला परत विचारावंच लागणार. ऑनचेंजवर अख्खा फॉर्म सबमिट करूनही जमतं, पण पान रीलोड होतं, भरलेलं नाव-पत्ता सगळं उडतं आणि फॉर्म भरणारा माणूस वैतागतो, त्या वाटेला जाऊ नका.

एक छोटा सर्व्हलेट (ब्राउझरच्या विनंतीला सर्व्हरवर उत्तर देणारा जावा क्लास) लिहा, त्याच्या डूगेट मेथडमध्ये जिल्ह्याचा आयडी घ्या, प्रीपेअर्ड स्टेटमेंटने (व्हॅल्यू वेगळी देता येणारी एसक्यूएल क्वेरी) डेटाबेसमधून तालुके काढा आणि जॅक्सन ही जावा लायब्ररी वापरून ते जेसन या डेटा फॉरमॅटमध्ये पाठवा. पानावर चेंज इव्हेंटला फेच मारायचं (पान रीलोड न करता जावास्क्रिप्टने सर्व्हरकडून डेटा मागवायचा), जुने ऑप्शन काढून आधी 'तालुका निवडा' टाकायचं, मग आलेले तालुके भरायचे. गावाचा तिसरा ड्रॉपडाउन असेल तर तोही तेव्हाच रिकामा करा, नाहीतर जिल्हा सातारा आणि गाव पुण्याकडचं असं काहीतरी सेव्ह होऊन बसतं.

ऑप्शनच्या व्हॅल्यूत नाव नको, आयडीच ठेवा, हे मी मुद्दाम सांगतोय कारण कर्जत रायगडमध्येही आहे आणि अहिल्यानगरमध्येही, खेड पुण्यातही आहे आणि रत्नागिरीतही. शिवाय नावं बदलतात, २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं तेव्हा आयडीवर चालणाऱ्या सिस्टिममध्ये मास्टर टेबलातली एक ओळ बदलली की काम झालं.

तालुक्यांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसली तर डेटाबेसला दोष देण्याआधी सर्व्हलेट बघा, कॅरेक्टर एनकोडिंग यूटीएफ-८ हे गेटरायटर (उत्तर लिहिण्यासाठीची मेथड) बोलवायच्या आधी सेट व्हायला हवं, नंतर केलं तर त्याचा काही उपयोग नाही.

अजून एक, नेट स्लो असताना कोणी पटापट दोन जिल्हे बदलले तर पहिल्याचं उत्तर उशिरा येऊन दुसऱ्याच्या यादीवर बसतं. म्हणून उत्तर आल्यावर ज्या जिल्ह्यासाठी मागितलं तोच अजून निवडलेला आहे का ते बघा, नसेल तर ते उत्तर सोडून द्या. एडिटच्या पानावर सेव्ह केलेला तालुका सिलेक्ट करायचा तो यादी भरून झाल्यावरच, आधी केलात तर तो ऑप्शनच तिथे नसतो. आणि सबमिटनंतर हा तालुका खरंच त्या जिल्ह्याचा आहे का हे सर्व्हरवर तपासाच, ब्राउझरमधून काहीही पाठवता येतं.

एवढं करूनही यादी रिकामी राहिली तर एफ१२ दाबून नेटवर्क टॅब उघडा. ४०४ (पत्ता सापडला नाही) दिसत असेल तर बहुतेक वेळा यूआरएल स्लॅशने सुरू केलेली असते आणि कॉन्टेक्स्ट पाथ (यूआरएलमधला तुमच्या ॲप्लिकेशनच्या नावाचा भाग) राहिलेला असतो, तो पुढे जोडा. ५०० (सर्व्हरवरच एरर) असेल तर टॉमकॅटच्या (जेएसपी चालवणाऱ्या सर्व्हरच्या) लॉगमधला पूर्ण एरर इथे टाका, मग बघू.