वडिलांची गजकर्णाची ट्यूब मेडिकलवर मिळेना, कंपनीने बंद केली का? त्याऐवजी काय लावावं?

भाऊ, मी चोपड्याला मेडिकलवर फार्मासिस्ट आहे, हे काउंटरवर नेहमी ऐकतो म्हणून सविस्तर सांगतो. तुम्ही लिहिलंय की अमळनेरला कुठंच ती ट्यूब नाही अन् दुकानदार 'सेमच आहे' म्हणून दुसरी देतोय. ती लगेच लावू नका. आधी जुन्या ट्यूबवरचा कंटेंट वाचा, बारीक अक्षरात असतो, अन् शेपटाकडून गुंडाळत आणली असेल तर उलगडून बघा, बऱ्याचदा नेमकी तीच ओळ घडीत जाते.

गजकर्ण बुरशीमुळे होतं, त्यामुळे ट्यूबवर नुसतं क्लोट्रिमॅझोल किंवा ल्युलिकोनॅझोल असं बुरशीचं एकच औषध असेल तर तो ब्रँड बंद झालाय, औषध नाही. खप नाही, भाव परवडत नाही, की कंपनी माल काढणं थांबवते. भावनियंत्रणातलं औषध असेल तर सरकारच्या 2013 च्या औषध भावनियंत्रण ऑर्डरप्रमाणे कंपनीला सहा महिने आधी जाहीर नोटीस द्यावी लागते, पण आपल्यापर्यंत स्टॉकिस्टचं, म्हणजे होलसेलवाल्याचं, 'शॉर्ट आहे' एवढंच येतं. तेच औषध तेवढ्याच टक्क्याचं दुसऱ्या कंपनीचं चालतं, डॉक्टरकडून तसं लिहून घ्या.

पण क्लोबेटासोलसारखं स्टिरॉइड, वर अँटिबायोटिक, वर बुरशीचं औषध अशी भेळ असेल तर गोष्ट वेगळी. अशी बरीच कॉम्बिनेशन्स सरकारनेच बंद केलीत, सप्टेंबर 2018 मध्ये एका फटक्यात 328 गेली, त्यात पॅनडर्म प्लस ही खूप खपणारी ट्यूबही होती. आणि ते बरोबरच झालं. स्टिरॉइडने दोन दिवसात खाज थांबते, लाली जाते, माणूस खुश, पण बुरशी आतून पसरतच राहते अन् जांघेतली कातडी पातळ होऊन कायमचे पट्टे पडतात. मे महिन्यात 45 डिग्रीत केळीला पाणी भरणारी, दिवसभर घामात भिजलेली माणसं अशी मांडीपासून पोटापर्यंत चट्टे घेऊन येतात, बघवत नाही हो.

त्या भेळीला 'पर्याय' मागूच नका. पर्याय म्हणजे बुरशीचं एकच साधं औषध, चट्ट्याच्या कडेबाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत लावायचं अन् दिसायचं बंद झाल्यावरही दोन आठवडे चालू ठेवायचं. पसरलेलं असेल तर डॉक्टर इट्राकोनॅझोलच्या गोळ्या देतात. स्टिरॉइड सुटलं की सुरुवातीला खाज उसळते, तेव्हा लोक परत तीच ट्यूब शोधायला निघतात, वडिलांना हे आधीच सांगून ठेवा. बरेच महिने लावत असतील तर मात्र मनाने एकदम बंद करू नका, आधी दाखवा. घरात अजून कोणाला असेल तर त्याचाही इलाज सोबतच, टॉवेल वेगळा, कपडे कडक उन्हात.

जळगावला जीएमसी (सरकारी मेडिकल कॉलेज) किंवा धुळ्याला हिरे मेडिकल कॉलेज, दोन्हीकडे स्किनची ओपीडी आहे. जाताना वडिलांची बीपी-शुगर-कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांची चिठ्ठी न्याच, इट्राकोनॅझोल त्यातल्या काहींसोबत चालत नाही.