वाचकांचे प्रश्न : शहराच्या कडेचं जंगल आणि नागरिकांच्या मनातलं मोल

प्रश्न : आमच्या शहराला लागून संरक्षित जंगल आहे. नागरिकांना त्याचं किती मोल वाटतं, हे आकड्यांत मांडायचं आहे. सुट्टीच्या दिवशी प्रवेशद्वारावर २०० जणांकडून प्रश्नावली भरून घेतली, तर पुरेल का?

प्रवेशद्वारावरची प्रश्नावली त्या दिवशी तिथे आलेल्यांचं मत सांगेल, शहराचं नाही. शिवाय वर्षातून १०० वेळा येणारा माणूस तुमच्या हाती लागण्याची शक्यता एकदाच येणाऱ्याच्या १०० पट असते. समजा, दहापैकी पाच जण वर्षात ५० वेळा येतात आणि पाच जण एकदाच. साधी सरासरी निघते २५.५ भेटी. प्रत्येक उत्तराला १ भागिले भेटी इतकं वजन दिलं, की तीच सरासरी जेमतेम २ वर येते. म्हणून ‘गेल्या १२ महिन्यांत किती वेळा आलात?’ हा प्रश्न गाळू नका. तो गाळला, तर ही दुरुस्ती नंतर करता येत नाही.

याहून मोठी उणीव म्हणजे कधीच न येणारे लोक सुटतात. जंगल नुसतं असावं, यालाही माणसं मोल देतात. अर्थतज्ज्ञ जॉन क्रुटिला यांनी १९६७ मध्ये हे ठामपणे मांडलं. अंथरुणाला खिळलेल्या आजीला हे जंगल खिडकीतून दिसतं, तेवढंही तिला मोलाचं असतं, आणि तिच्यापर्यंत पोचायचं तर घरोघरी जावंच लागतं.

संपूर्ण शहरासाठी ३८५ पूर्ण उत्तरं मिळाली, तर टक्केवारीतली चूक साधारण ५ टक्क्यांच्या आत राहते (९५ टक्के विश्वासपातळीवर, म्हणजे असं सर्वेक्षण १०० वेळा केलं, तर सुमारे ९५ वेळा). दहातली सहाच घरं उत्तर देतील असं वाटत असेल, तर सुमारे ६४० घरं निवडा. जंगलालगतच्या आणि दूरच्या वस्त्यांची तुलना करायची असेल, तर ३८५ हा आकडा प्रत्येक गटासाठी धरावा लागतो. घर बंद दिसलं की शेजारचं दार वाजवायचा मोह होतो, तो टाळा. बंद घरं बहुधा कामावर गेलेल्यांची असतात आणि मग नमुन्यात दिवसभर घरी असणारेच उरतात. वेगळ्या वारी, वेगळ्या वेळी निदान दोनदा परत जा.

प्रश्न : ‘जंगल महत्त्वाचं वाटतं का?’ असं विचारलं, की जवळजवळ सगळे ‘हो’ म्हणतात. पैशांचा प्रश्न कसा घालायचा?

फुकटचं ‘हो’ काहीच सांगत नाही. त्यासाठी काही सोडावं लागलं, तरच मोल कळतं. पण ‘किती द्याल?’ असं मोकळं विचारलं, तर लोक अडखळतात किंवा मनाला येईल तो आकडा सांगतात. १९९३ मध्ये अर्थतज्ज्ञ केनेथ ॲरो आणि रॉबर्ट सोलो यांच्या अध्यक्षतेखालच्या अमेरिकी समितीने मतदानासारखा प्रश्न सुचवला : अमुक रक्कम द्यावी लागेल, तुमचं मत हो की नाही?

आधी ४० जणांची चाचणी घ्या आणि तिच्यावरून पाच रकमा ठरवा. सर्वांत लहान रकमेला बहुतेक जण ‘हो’ म्हणावेत, सर्वांत मोठीला थोडेच. प्रत्येक घराला चिठ्ठी टाकून एकच रक्कम विचारा. ती ऐच्छिक देणगी म्हणून न मांडता सर्वांना सक्तीचा वार्षिक अधिभार म्हणून मांडा; देणगीला ‘हो’ म्हणणं फार सोपं असतं. ही रक्कम घरखर्चातूनच जाणार, आणि शहराजवळ आणखीही हिरव्या जागा आहेत, याची आठवण प्रश्नाआधीच द्या.

‘नाही’ म्हणणाऱ्याला कारण विचारा. ‘परवडत नाही’ हे खरं उत्तर आहे. ‘हे सरकारचंच काम’ हा निषेध आहे, त्याला जंगल नकोसं आहे असा अर्थ काढू नका. असे निषेध धरून आणि वगळून, दोन्ही निकाल छापा.

शेवटी एक पडताळणी कराच. एका गटाला पूर्ण जंगलाबद्दल विचारा, दुसऱ्याला त्याच्या एका भागाबद्दल. अमेरिकेतल्या एका गाजलेल्या अभ्यासात २,०००, २०,००० आणि २,००,००० पक्षी वाचवण्यासाठी वेगवेगळ्या गटांनी सांगितलेली सरासरी रक्कम होती ८०, ७८ आणि ८८ डॉलर. लोक संख्येला नव्हे, सत्कार्याच्या भावनेला उत्तर देत होते. तुमच्याकडेही दोन्ही गटांचे आकडे सारखेच आले, तर त्यांना शहराच्या लोकसंख्येने गुणून भलीमोठी बेरीज जाहीर करू नका.

प्रश्न : प्रवेश विनामूल्य आहे. प्रवासखर्चावरून मोल काढता येईल का?

येतं. अर्थतज्ज्ञ हॅरोल्ड हॉटेलिंग यांनी १९४७ मध्ये ही कल्पना अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेला पत्राने कळवली होती. जंगलाभोवती अंतरानुसार पट्टे आखा, प्रत्येक पट्ट्यातून दर हजार लोकसंख्येमागे वर्षाला किती भेटी होतात ते काढा आणि येण्याजाण्याच्या खर्चाशी ताडून पाहा. खर्च वाढतो तशा भेटी किती झपाट्याने घटतात, यावरून मागणीची रेषा, म्हणजे किती खर्चाला किती भेटी होतील याचा आलेख, मिळते.

शहरालगतच्या जंगलात मात्र ही पद्धत हमखास फसते. कुंपणाला लागून राहणारा माणूस रोज पायी येतो आणि त्याचा प्रवासखर्च शून्य भरतो. जंगल जवळ असावं म्हणून त्याने घराला जास्त पैसे मोजले असतील, तर ते या हिशेबात कुठेच येत नाहीत. अशा शेजाऱ्यांसाठी जंगलाजवळच्या आणि दूरच्या घरांच्या किमतींची वेगळी तुलना करावी लागते, आणि तीही भाडेकरूंना पुरेसा न्याय देत नाही. सर्वांत जास्त वापर असलेल्यांचं मोल सर्वांत कमी दिसणार असेल, तर आम्ही घरोघरीच्या मतप्रश्नावरच भर देऊ.