कमिटीत नवीन आलायस म्हणून सांगते

अरे भाऊ, चर्चच्या तरुण संघात आलास, फार बरं वाटलं, पण कोणाशी खटकलं तर ग्रुपवर लिहू नकोस रे, बायबलात मत्तय १८:१५ मध्ये येशूने सांगितलंय तसं आधी एकट्याने त्याच्याकडे जा. आमच्याकडे नाताळच्या भजनाला ढोलकी की कीबोर्ड यावरून दोन घरं वर्षभर बोलत नव्हती, शेवटी एक मावशी करंज्यांचा डबा घेऊन समोरच्यांच्या दारात गेल्या, चूक त्यांची नव्हती तरी!! दोघी रडल्या, मग चहा झाला.

आणि वेळ लागतो. सहा वेगवेगळ्या चर्च-मंडळ्या मिळून २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, झालं, पण बोलणी १९२९ पासून चालू होती. पाळकसाहेबांना मात्र तू स्वतः जाऊन आल्यावरच मध्ये घे.