टोलेडो, सेगोव्हिया की कोर्डोबा: एकच रात्र असेल तर

स्पेनच्या सहलीत माद्रिदला 4 रात्री, सेवियाला 3 आणि मधली एक रात्र मोकळी. ती टोलेडोला काढावी, सेगोव्हियाला की कोर्डोबाला, असं तुम्ही विचारलंय. सोबत आई-बाबा, आईंचे गुडघे दुखतात, सगळे शाकाहारी पण अंडं चालतं, आणि जाणार दिवाळीच्या सुट्टीत. एवढं सगळं सांगितलंत म्हणून आडवळण न घेता उत्तर देते: मुक्काम कोर्डोबाला करा. टोलेडो माद्रिदहून जाऊन-येऊन करा, पण सगळे जातात त्या वेळी नको. सेगोव्हिया दिवसात नीट बघून होतं, तिथे रात्र घालवायची गरज नाही.

आता कारणं. मुक्कामाचं गाव ठरवताना बहुतेक जण तिथे बघायला किती जागा आहेत ते मोजतात. मी उलटं बघते. या तिन्ही गावांत सकाळी दहाच्या सुमाराला बसेस भरभरून पर्यटक येतात आणि पाच-सहाला परत जातात. तुम्ही हॉटेलचे पैसे भरता ते संध्याकाळी सहा ते सकाळी दहा या वेळासाठी. तेव्हा त्या वेळात तुम्हाला असं काय मिळणार आहे जे दिवसाच्या फेरीत मिळत नाही, एवढंच विचारा. आणि दुसरं म्हणजे ते गाव तुमच्या वाटेवर आहे का.

या पहिल्या कसोटीवर टोलेडो सगळ्यात वर येतं, हे आधी कबूल करायला हवं. ताहो नदीने तीन बाजूंनी वेढलेल्या खडकावर हे गाव आहे. 1085 मध्ये सहाव्या अल्फोन्सो राजाने ते मुस्लिम राज्यकर्त्यांकडून घेतलं. पुढे 1561 मध्ये स्पेनचा राजा दुसऱ्या फेलिपेने दरबार माद्रिदला हलवला आणि टोलेडो मागे पडलं. मागे पडलं म्हणूनच त्याच्या गल्ल्या आहेत तशा राहिल्या. 999 सालची छोटीशी मशीद, पांढऱ्या घोडनाली कमानींचं सांता मारिया ला ब्लांका हे सिनेगॉग (यहुद्यांचं प्रार्थनागृह), हिब्रू अक्षरं कोरलेल्या भिंतींचं एल त्रान्सितो आणि 1226 च्या सुमारास सुरू झालेलं प्रचंड कॅथेड्रल, हे सगळं चालत जाण्याच्या अंतरात. चित्रकार एल ग्रेको 1577 मध्ये इथे आला आणि 1614 मध्ये इथेच गेला. त्याचं काउंट ऑफ ओर्गाझच्या दफनविधीचं चित्र सांतो तोमे चर्चमध्ये, ज्या जागेसाठी काढलं तिथेच आजही आहे. दुपारी बारा वाजता त्या लहानशा खोलीत चित्रापेक्षा लोकांच्या पाठीच जास्त दिसतात. संध्याकाळच्या शेवटच्या तासात तेच चित्र शांतपणे पाहता येतं. वरचा स्वर्ग, खालच्या काळ्या कपड्यांतल्या माणसांची रांग आणि त्या प्रत्येकाचा वेगळा चेहरा बघायला वेळ लागतो, आणि तो वेळ तेव्हा मिळतो.

अंधार पडल्यावर टोलेडोचं खरं रूप म्हणजे तिथले कोबेर्तिसो. दोन इमारती वरच्या वर जोडलेल्या, खाली गल्ली, डोक्यावर जुनी लाकडी तुळयांची छतं. सांतो दोमिंगो एल रेआल मठाजवळचा कोबेर्तिसो रात्री चालून बघावा असा आहे. एकच दिवा, दोन्हीकडे बिनखिडक्यांच्या भिंती, आणि आपल्याच पावलांचा आवाज. मठांतल्या नन मार्झिपान करतात, तेही तिथे जरूर घ्या. काही मठांत भिंतीत एक गोल फिरणारं लाकडी कपाट असतं. घंटा वाजवायची, आतून आवाज येतो, काय हवं ते सांगायचं, पैसे कपाटात ठेवायचे. कपाट गर्रकन फिरतं आणि बदाम-साखरेच्या वड्यांचा खोका समोर येतो. आतली बाई शेवटपर्यंत दिसत नाही.

मग मी तुम्हाला टोलेडो का सुचवत नाहीये? दोन कारणांनी. एक, आईंचे गुडघे. हे गाव चढ-उताराचं आहे आणि फरशी गोट्यांची. नदीच्या बाजूने वर यायला सरकते जिने आहेत, पण ते फक्त वरच्या काठापर्यंत आणतात, पुढे गल्ल्या चढायच्याच असतात. रात्री जेवून हॉटेलवर परतताना तो चढ त्यांना नको होईल, आणि मग रात्रीचं टोलेडो बघायलाच कोणी बाहेर पडणार नाही. ज्यासाठी थांबलात तेच हुकेल.

दुसरं कारण रेल्वेचं. टोलेडोचा फाटा तिथेच संपतो. तिथून सेवियाकडे जायला आधी माद्रिदच्या आतोचा स्टेशनला परत यायचं, बॅगा पुन्हा तपासणीच्या यंत्रातून काढायच्या आणि मग दक्षिणेची गाडी धरायची. आई-बाबा आणि सामान घेऊन हा उलटा हेलपाटा कशाला?

म्हणून टोलेडोची फेरी उलटी करा. आतोचाहून गाडीने सुमारे 35 मिनिटं लागतात. सकाळी माद्रिदमध्ये आरामात नाश्ता करून, संग्रहालय वगैरे उरकून, दीड-दोनच्या गाडीने निघा. टोलेडोचं स्टेशनही बघण्यासारखं आहे, 1919 सालचं, रंगीत काचा आणि मुदेखार (इस्लामी वळणाच्या) शैलीच्या नक्षीकामाचं. बाहेरून टॅक्सीने थेट वर जा. आधी कॅथेड्रल. तिथे मुख्य वेदीच्या मागच्या बाजूला छत फोडून प्रकाश आत सोडलेला त्रान्स्पारेंते आहे, नार्सिसो तोमेचं अठराव्या शतकातलं काम. मान वर करून पाच मिनिटं उभं राहा. मग सांतो तोमे. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी टॅक्सी करून नदीपलीकडच्या मिरादोर देल वाये या ठिकाणी जा. अख्खं गाव समोर, खाली नदीचं वळण, आणि दिवे लागताना दिसतात. आईंना एकही पायरी चढावी लागणार नाही. तिथून त्याच टॅक्सीने स्टेशन आणि रात्रीच्या जेवणाला माद्रिद. परतीची तिकिटं मात्र आधीच काढून ठेवा. या गाड्या भरतात आणि आरक्षणाशिवाय बसता येत नाही. सोमवार टाळा, एल त्रान्सितो आणि एल ग्रेकोचं संग्रहालय सोमवारी बंद असतं.

सेगोव्हियाबद्दल थोडक्यात. रोमन लोकांनी बांधलेला, पाणी वाहून नेणारा पूल ग्रॅनाइटच्या दगडांचा आहे, चुन्याशिवाय नुसता रचलेला, आसोगेखो चौकात 28 मीटरच्या आसपास उंच. जवळ जाऊन दगड बघा, चिमट्याने उचलण्यासाठी पाडलेली भोकं अजून दिसतात. अल्काझार हा राजवाडा-किल्ला सुंदर, कॅथेड्रल सुंदर. पण गावाची जी मोठी ख्याती, ते भाजलेलं डुकराचं पिल्लू, ती तुमच्या उपयोगाची नाही. माद्रिदच्या चामार्तीन स्टेशनहून जलद गाडी अर्ध्या तासात नेते, पण स्टेशन गावाबाहेर आहे, पुढे बस. शिवाय ते माद्रिदच्या उत्तरेला, तुमची वाट दक्षिणेची. गाव हजार मीटर उंचीवर, तेव्हा ऑक्टोबरच्या शेवटी रात्री चांगलाच गारठा. माद्रिदमधल्या चार दिवसांत एखादा दिवस उरला तर जाऊन या, नाहीतर पुढच्या वेळी.

आता कोर्डोबा. माद्रिद ते सेविया या जलद मार्गावरच ते आहे. माद्रिदहून साधारण पावणेदोन तास, पुढे सेविया पाऊण तास. एक मिनिटही वाकडी वाट नाही. जुनं गाव जवळजवळ सपाट आहे. गल्ल्यांत गोट्यांची फरशी इथेही आहे, पण चढ नाही, आणि बसायला चौक सापडतात.

मेस्कीता, म्हणजे पुढे कॅथेड्रल झालेली इथली जुनी मशीद, मात्र दिवसा आणि सकाळी अशा दोन अगदी वेगळ्या जागा आहेत, आणि माझ्या उत्तराचं मूळ इथे आहे. सोमवार ते शनिवार सकाळी साडेआठ ते साडेनऊ प्रवेश विनामूल्य असतो आणि त्या वेळात मोठे गट आत घेत नाहीत. साडेनऊच्या आत सगळ्यांना बाहेर यावं लागतं. माद्रिदहून किंवा सेवियाहून पहाटे निघून ही वेळ गाठायची तर आई-बाबांचे हाल होतात. गावातच राहिलात तर दहा मिनिटं चालत जायचं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत तिकडे सूर्यच साडेआठच्या सुमाराला उगवतो (त्या रविवारी घड्याळं एक तास मागे करतात), त्यामुळे एवढ्या सकाळचं म्हणजे फार लवकरचं वाटतही नाही.

आत गेल्यावर लगेच मध्यभागातल्या कॅथेड्रलकडे जाऊ नका. दाराजवळच्या सगळ्यात जुन्या भागात थांबा. इथला मुस्लिम राज्यकर्ता पहिल्या अब्द अल-रहमानने 785 च्या सुमाराला हा भाग बांधायला घेतला. खांब जुन्या रोमन आणि व्हिसिगॉथ (मुस्लिमांआधीचे राज्यकर्ते) इमारतींतून आणलेले, म्हणून कोणाचा दगड गुलाबी, कोणाचा काळपट, कोणाचा माथा नक्षीदार, कोणाचा साधा, आणि उंचीही सारखी नाही. हे खांब तोकडे पडले, छत उंच हवं होतं, म्हणून एका कमानीवर दुसरी कमान चढवली, लाल विटा आणि पांढरा दगड आलटून पालटून. अडचणीतून निघालेला हा उपाय पुढच्या दोनशे वर्षांत वाढत्या इमारतीत पुन्हा पुन्हा वापरला गेला. आज 856 खांब उभे आहेत. एका खांबाजवळ उभं राहून तिरकं बघा, रांगा उघडत-मिटत जातात. गर्दीत हे दिसत नाही, कारण प्रत्येक दोन खांबांच्या मध्ये माणसं उभी असतात. मग दक्षिणेच्या भिंतीकडे जा, तिथे दहाव्या शतकातला मिहराब (नमाजाची दिशा दाखवणारा कोनाडा) आहे, सोनेरी मोझेइकचा. कॅथेड्रलचं बांधकाम 1523 मध्ये सुरू झालं, मशिदीच्या ऐन मध्यात खांब काढून. ते बघताना मला दर वेळी वाईट वाटतं आणि त्याच वेळी ही वास्तू शिल्लक राहिली याचं समाधानही वाटतं, कारण चर्च झाली म्हणून ती पाडली गेली नाही.

संध्याकाळी रोमन पुलावर जा. वाहनं नाहीत, सपाट आहे, आई सहज चालतील. मध्यावर सान राफाएलचा पुतळा आहे, त्याच्या पायाशी लोकांनी लावलेल्या मेणबत्त्या आणि फुलं असतात. पलीकडच्या टोकाला जाऊन मागे वळून बघा, मेस्कीता आणि मनोरा उजळलेला दिसतो. परतताना खुदेरिया या जुन्या यहुदी वस्तीतून या. 1315 सालचं छोटं सिनेगॉग तिथे आहे, आणि यहुदी तत्त्वज्ञ मायमोनिडीस याच गावात जन्मला.

खाण्याचं म्हणाल तर तीन गावांपैकी शाकाहाऱ्यांची सोय इथेच उत्तम. साल्मोरेखो हे टोमॅटो, पाव, लसूण आणि ऑलिव्ह तेलाचं गार, घट्ट सार. वर उकडलेलं अंडं आणि हॅमचे तुकडे घालतात, म्हणून मागवताना 'सिन हामोन' म्हणायचं. दुसरं म्हणजे वांग्याची तळलेली कापं, वर उसाची काकवी सोडलेली. मेनूवर तिला मध म्हटलेलं असलं तरी ती बहुतेक ठिकाणी काकवीच असते, बाबांना नक्की आवडेल. तोर्तिया (अंडं-बटाट्याचं जाड ऑमलेट) तर सगळीकडे मिळतो. फक्त जेवणाच्या वेळा लक्षात ठेवा. स्वयंपाकघरं रात्री साडेआठच्या आधी क्वचितच उघडतात. आई-बाबांना सातलाच भूक लागत असेल तर दुपारी दोन-अडीचला पोटभर जेवा आणि रात्री हलकं काहीतरी घ्या.

बुकिंग करताना या गोष्टी सांभाळा. माद्रिद ते सेविया असं एकच तिकीट काढून कोर्डोबाला उतरून दुसऱ्या दिवशी पुढे जाता येत नाही, दोन वेगळी तिकिटं काढा. एकाहून जास्त कंपन्यांच्या गाड्या धावतात, भाव तुलना करून बघा, लवकर घेतलीत तर बराच फरक पडतो. मुक्काम शनिवारच्या रात्री नको. रविवारी सकाळी मेस्कीतामध्ये प्रार्थना असते, पर्यटकांना मधले तास प्रवेश मिळत नाही, आणि शनिवारी हॉटेलंही महाग. 1 नोव्हेंबरला तिकडे सार्वजनिक सुट्टी असते, स्पॅनिश कुटुंबंही फिरायला निघतात, तेव्हा तुमची तारीख त्याच्या आसपास येत असेल तर हॉटेल आत्ताच धरा. हॉटेल मेस्कीतापासून चालत जाण्याजोगं घ्या, पण टॅक्सी दारापर्यंत येते का ते विचारून घ्या, जुन्या गावात बऱ्याच गल्ल्यांत गाड्यांना मज्जाव आहे. आणि लिफ्ट आहे का तेही विचारा. जुन्या वाड्यांत केलेल्या छान छान हॉटेलांत ती नसते.

तुम्ही विचारलं नाही तरी सांगते, कोणी एका दिवसात सेवियाहून ग्रनाडा करा म्हणालं तर ऐकू नका. जाण्या-येण्यातच दिवस जातो आणि तिथल्या अल्हाम्ब्रा या किल्ल्यातल्या नासरी महालांना ठरलेल्या वेळेचं तिकीट लागतं, ते आठवडे आधी संपतं. ग्रनाडाला गेलात तर दोन रात्री द्या. आणि फक्त तुम्ही दोघं पुन्हा कधी गेलात, उत्तरेकडे वेळ मिळाला, तर एक रात्र सालामांकाला काढा. 1218 चं विद्यापीठ, त्यामुळे गावात रात्री उशिरापर्यंत विद्यार्थ्यांची वर्दळ, आणि अठराव्या शतकातला मुख्य चौक सोनेरी दगडाचा. तिथे तर दिवे लागण्याची वेळ चुकवूच नये.

तुमचा क्रम असा ठेवा: माद्रिदहून अकराच्या सुमाराची गाडी, एक वाजता कोर्डोबा, बॅगा हॉटेलात, जेवण, थोडी झोप, पाचला खुदेरिया, सूर्यास्ताला पूल. दुसऱ्या दिवशी सव्वाआठला मेस्कीताच्या संत्र्यांच्या अंगणात पोहोचा, मग परत येऊन नाश्ता, आणि बाराच्या गाडीने सेविया. तारखा पक्क्या झाल्या की सांगा, त्यातला रविवार-सोमवार कुठे येतो ते बघून टोलेडोचा दिवस सुचवते.